‘टू’नंतरचं क्रियापद

मला इंग्रजी शिकवलं ते माझ्या वडिलांनी, आणि शिकलेलं बाजूला ठेवून चुकीचं लिहून दे, असं सांगितलं तेही त्यांनीच. दोन्हींच्या मध्ये बारा-तेरा वर्षं गेली.

वडील, म्हणजे आमचे दादा, बदनापूरजवळच्या आमच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होते. निजामाच्या काळात जालन्याला नात्यातल्या एकांकडे राहून ते सातवीपर्यंत शिकले. तेव्हा शाळा उर्दूत होती, म्हणून इंग्रजी व्याकरणही त्यांना उर्दूतूनच समजावलेलं. त्यामुळं आमच्या घरात क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘मसदर’ म्हणायचे. पुढं कॉलेजात प्राध्यापकांनी ‘इन्फिनिटिव्ह’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा हे काहीतरी नवीन असेल म्हणून मी वही सरसावून बसले. तासाच्या शेवटी लक्षात आलं, हा तर आपला मसदर.

रविवारी सकाळी शाळेची किल्ली दादांजवळ असायची. रिकाम्या वर्गात ते मला पुढच्या पाटावर बसवत आणि फळ्यावर लिहीत. इंग्रजी माणूस क्रियापदाची दोन रूपं बाळगतो, एक ‘टू’वालं आणि एक ‘आयएनजी’वालं, आणि कुठल्या शब्दापुढं कुठलं लावायचं हे तो लहानपणीच शिकतो. आपल्याला मोठेपणी शिकायचंय, म्हणून पाठ करून शिकायचं. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांच्या पुढं आयएनजी. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांच्या पुढं टू. मराठीत मला वाचायला आवडतं म्हटलं की संपलं. इंग्रजीत ‘आय एन्जॉय टू रीड’ म्हटलं की समोरचा तुला गावठी समजतो, असं ते सांगत.

काही क्रियापदं मात्र दोन्ही रूपं घेत आणि अर्थ बदलत. ते शिकवताना दादांना खरी मजा यायची. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो बिडी ओढायला थांबला. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे तो बिडी ओढायचा थांबला. मराठीनं हा फरक ‘आयला’ आणि ‘आयचा’त बसवलाय, इंग्रजीनं दोन रूपांत. दादा स्वतः बिडी ओढत. एकदा माय त्यांना चहा द्यायला वर्गापाशी आली, दारातून तिनं हे ऐकलं आणि विचारलं, “मंग तुम्ही कोणते?” दादा हसले आणि म्हणाले, मी पहिल्यातला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. दादा म्हणत, ‘टू’ एक नाही, दोन आहेत. एक मसदरचा टू. दुसरा जालन्याचा टू. ‘आय गो टू जालना’ यातला जो टू, त्याच्यापुढं नाम येतं, गावाचं, माणसाचं, वस्तूचं. ‘लुक फॉरवर्ड टू’ यातला टू हा जालन्याचा. म्हणून त्याच्यापुढं क्रियापद आणायचं झालं तर त्याला आयएनजी लावून नामासारखं करूनच आणावं लागतं. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ ‘टू मीट’ नाही. इथं शंभरातले नव्वद पडतात, असं ते म्हणायचे.

मी बी.ए. झाले इंग्रजी घेऊन. आमच्या वस्तीतून इंग्रजी घेतलेली मी पहिली. गावातून बदनापूर स्टेशनपर्यंत पायी, तिथून गाडीनं जालना. चार वर्षं असं केलं. मग औरंगाबादला बी.एड. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली. जागा आमच्यासाठी राखीव होती. दादांनी जाहिरात कापून चुलीच्या वरच्या फडताळात ठेवली होती आणि रोज काढून वाचत होते.

मुलाखतीला तिघं होते. संस्थेचे अध्यक्ष, जमीनदार घरातले, फारसं न बोलणारे. मुख्याध्यापक. आणि इंग्रजीचे जुने शिक्षक, जे शाळेचे पर्यवेक्षकही होते. सगळं विचारायचं काम त्यांच्याकडं होतं. बारीक अंगाचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, बोलणं अगदी सावकाश. मला त्यांची भीती वाटली नाही, उलट वाटलं, हे व्याकरणातलं विचारतील तर बरं.

त्यांनी व्याकरणातलंच विचारलं. मला खडू दिला आणि फळ्यावर स्वतः लिहिलेल्या पाच वाक्यांतल्या चुका दुरुस्त करायला सांगितलं. चार वाक्यांतल्या चुका मी काढल्या. पाचवं वाक्य होतं, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, यात चूक नाही.

ते म्हणाले, नीट बघा. मी नीट बघितलं आणि पुन्हा तेच म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “टूनंतर कधी आयएनजी येतं का बाई?”

त्यांचा आवाज तेव्हाही सावकाशच होता. मला तिथं थांबता आलं असतं. मी थांबले नाही. हा टू क्रियापदाचा नाही, हा शब्दयोगी आहे, याच्यापुढं नाम लागतं, असं मी फळ्यावर खूण करून समजावून सांगितलं. ‘आय गो टू जालना’ हे उदाहरणसुद्धा दिलं. शिकवायच्या सुरात दिलं, हे मला नंतर कळलं. पर्यवेक्षकांनी मुख्याध्यापकांकडं बघितलं. मुख्याध्यापक हसले आणि अध्यक्षांना म्हणाले, सवलतीत पास झालेल्यांचं हे असं असतं, पाया कच्चा आणि तोंड पक्कं. अध्यक्षांनी माझ्याकडं न बघता मान हलवली. मला जायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी दादांच्या ओळखीच्या एका कारकुनानं निरोप दिला की जागेपुढं ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा लिहायचं चाललंय. राखीव जागा रिकामी ठेवायची असली की तेवढं वाक्य पुरायचं. दादा मला न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अंबडला गेले आणि संध्याकाळी परतले. ते पर्यवेक्षकांच्या घरी जाऊन आले होते. तिथं त्यांना आत बोलावलं की ओसरीवरच उभं ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चपला मात्र हातात घेऊनच घरात आले, कुठल्याशा विचारात.

त्यांनी सांगितलं ते एवढंच, की सर म्हणतात पोरगी हुशार आहे पण ऐकून घेणारी नाही. तिनं आपली चूक लेखी मान्य केली, इंग्रजीत दोन ओळींचं पत्र दिलं, तर ते स्वतः शब्द टाकतील. पत्राच्या शेवटी ते वाक्य लिहायचं. त्यांना पाहिजे तसं.

मी दादांना म्हटलं, तुम्हीच मला शिकवलंय ते. ते चूक आहे का?

“तू बराबर हायेस,” दादा म्हणाले. “मला बिलकुल शंका न्हाई. पण माझी आख्खी जिंदगी बराबर असण्यात गेली. त्यानं काय झालं?”

“मंग मला शिकवलं कशाला?”

दादा उठून शाईची दौत आणि कोरा कागद घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवला. माय दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला आमच्या दोघांपेक्षा लवकर समजलं असावं, कारण ती एकदम आत निघून गेली.

मी लिहिलं. मुलाखतीत मी चुकीचं उत्तर दिलं, घरी येऊन पुस्तक बघितल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली, सरांनी मला उदार मनानं क्षमा करावी. आणि शेवटी, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू वर्क अंडर यू.’ दादांनी कागद उचलला आणि खिडकीपाशी नेऊन वाचला. ‘सिन्सिअरली’चं स्पेलिंग मी घाईत चुकवलं होतं. ते त्यांनी सवयीनं दुरुस्त केलं. शेवटच्या ओळीवरून त्यांचं बोट गेलं, थांबलं, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

मला जागा मिळाली.

नोकरीत पर्यवेक्षक माझ्याशी वाईट वागले असते तर सोपं गेलं असतं. ते चांगले वागले. मला आठवी-नववीचे वर्ग दिले, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या नोट्स दिल्या, खोलीच्या भाड्यासाठी कोणाला तरी सांगितलं. शिक्षकांच्या बैठकीत ते माझं कौतुक करत आणि प्रत्येक वेळी ती हकिकत सांगत, बाईंनी कशी मोठ्या मनानं चूक कबूल केली आणि माणसानं कसं असावं. मी मान खाली घालून ऐकायची. त्यांनी ती गोष्ट माझ्यावर खार खाऊन सांगितली असं मला कधीच वाटलं नाही. त्यांचा त्या नियमावर खरोखर विश्वास होता. टू म्हटलं की मूळ रूप, डोळे झाकून लिहा, असं ते पंचवीस वर्षं शिकवत आले होते आणि त्या पंचवीस वर्षांत त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

त्यांच्या नोट्समधलं तेच मला शिकवायचं होतं. पहिल्या वर्षी मी तो धडा कसाबसा घाईत उरकला. लुक फॉरवर्डचं उदाहरण घेतलंच नाही. वाटलं, निभावलं. दुसऱ्या वर्षी नववीच्या तासाला पर्यवेक्षक तपासणीसाठी मागच्या बाकावर येऊन बसले, आणि नेमका तोच धडा होता. उदाहरण घ्यावंच लागलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘टू मीट यू’, आणि म्हटलं, टूनंतर नेहमी मूळ रूप.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. जवळच्याच एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, दोन वेण्या घट्ट बांधून येणारी. तिच्याजवळ जुनं, पुठ्ठा निघालेलं व्याकरणाचं पुस्तक होतं. तिच्या मामेभावानं औरंगाबादहून आणून दिलेलं. ती म्हणाली, “बाई, यात मीटिंग लिहिलंय. टू मीटिंग.”

 मी मागच्या बाकाकडं बघितलं नाही, पण तिथून कोणीतरी माझ्याकडं बघतंय हे मला मानेवर जाणवत होतं. मी म्हटलं, “पुस्तकं छापणाऱ्यांच्याही चुका होतात. बस खाली.”

ती बसली नाही. तिनं पुस्तक पुढं केलं, बाई तुम्ही बघा तरी, म्हणून. मग मागून पर्यवेक्षक सावकाश बोलले, पुस्तक तुझ्या बाईंपेक्षा शहाणं आहे का? मुलं हसली. मीसुद्धा हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण ते माझ्या तोंडातून सहज आलं, ओढून आणावं लागलं नाही. मुलगी खाली बसली आणि पुस्तक दप्तरात घातलं. त्यानंतर तासभर ती खिडकीबाहेर बघत होती.

दोन-तीन दिवस मी तिला टाळलं. मग एका मधल्या सुट्टीत पाण्याच्या हौदापाशी ती एकटी दिसली, तेव्हा जवळ गेले. सांगितलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, पुस्तकात चूक नव्हती.

“मला माहीत होतं बाई,” ती म्हणाली. “तुम्हाला बी माहीत होतं. तुमच्या तोंडावर दिसलं.”

मला वाटलं, ती आता विचारेल की मग तुम्ही असं का केलं, आणि मी काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव करत होते. तिनं ते विचारलंच नाही. ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि तिला पुढच्या महिन्यातली परीक्षा दिसत होती. तिनं विचारलं, “मंग पेपरात काय लिहू?”

पेपर पर्यवेक्षक काढत आणि तपासतही तेच.  घंटा व्हायला आली होती. शेवटी म्हटलं, सर सांगतात तसं लिही.

तिनं मान हलवली, ओंजळीनं पाणी प्याली आणि वर्गाकडं निघाली. वार्षिक परीक्षेत ते वाक्य आलं. तिनं सर सांगतात तसं लिहिलं आणि तिला पूर्ण गुण मिळाले.

तिचे गुण कळले त्या शनिवारी मी गावी गेले आणि दादांना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा काय होती ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. आता कळतं. मला वाटत होतं, दादा चिडतील. मुलीला चुकीचं लिहायला सांगितलंस, मास्तराच्या पोरीनं, म्हणून माझ्यावर ओरडतील. मग मी त्यांना म्हणणार होते की मला हे कोणी शिकवलं. मी तयारीनं गेले होते.

दादांनी सगळं ऐकलं. बिडी विझवली. म्हणाले, “बराबर केलंस. तिचं नुकसान न्हाई झालं.”

मी जेवले नाही. मायनं दोनदा बोलावलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच अंबडला जायला निघाले, वास्तविक रविवार होता आणि घाई कसलीच नव्हती. दादा स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत ते मसदरबद्दल काहीतरी सांगू लागले. ‘रिमेंबर’चं. कुलूप लावायचं लक्षात राहणं आणि कुलूप लावल्याचं आठवणं, यात इंग्रजी दोन रूपं कशी वापरतं ते. मी म्हटलं, दादा, ते मला माहीत आहे. त्यांनी बोलणं थांबवलं.

त्यानंतर त्यांची पत्रं यायची. आधी इंग्रजीत, शेवटी एखादा प्रश्न घालून. अमुक शब्दापुढं टू येतो की आयएनजी, दोन्ही येतात का, कॉलेजात तुला काय सांगितलं होतं. उत्तर त्यांना माहीत असायचं, प्रश्न माझ्यासाठी असायचा. मी मराठीत उत्तर लिहायची. तब्येत कशी आहे, मायला खोकल्याचं औषध आणलं का, मी बरी आहे. प्रश्नाचं काही लिहायची नाही. सात-आठ पत्रांनंतर तेही मराठीत लिहायला लागले. पुढच्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि महिन्याभरात गेले. शेवटचे चार दिवस मी त्यांच्याजवळ होते. त्या चार दिवसांत आम्ही पुष्कळ बोललो, शेजारच्या म्हशीबद्दल, माझ्या धाकट्या भावाच्या दहावीबद्दल, शाळेला नवीन पत्रे बसले त्याबद्दल. इंग्रजीबद्दल नाही.

नंतरच्या उन्हाळ्यात पर्यवेक्षक निवृत्त झाले. नववी-दहावीचं इंग्रजी पूर्णपणे माझ्याकडं आलं. जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात मी तो धडा घेतला आणि फळ्यावर ‘टू मीटिंग यू’ लिहिलं. दोन टू सांगितले. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मागच्या वर्षी दुसरं सांगितलं होतं, असं एका मुलानं म्हटलं, तर मी म्हटलं, मागच्या वर्षी चूक झाली होती. तो बरं म्हणाला आणि लिहू लागला. मुख्याध्यापकांना कळलं नाही, अध्यक्षांना कळायचा प्रश्नच नव्हता. आभाळ कोसळलं नाही, कोणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. ज्या गोष्टीसाठी माझ्या बापानं कोणाच्या तरी दारात उभं राहून मान खाली घातली, ती गोष्ट बदलायला पाच मिनिटं लागली आणि खडूचा एक तुकडा.

त्याचा मला आनंद झाला नाही. उलट इतका राग आला की पुढचा तास मी मुलांना नुसतं वाचायला लावून काढला.

ती मुलगी मला त्यानंतर एकदाच भेटली, जालना स्टेशनवर. जालन्यातच, मस्तगड भागात आत्याकडं राहून ती कॉलेजात जात होती. वेण्या गेल्या होत्या, साडी नेसायला लागली होती. तिनं मला ओळखलं आणि वाकून नमस्कार केला, त्यामुळं मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. मी अभ्यासाची चौकशी केली. बी.ए.ला मराठी घेतलंय म्हणाली. मी म्हटलं, तुझं इंग्रजी तर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, इंग्रजी का नाही घेतलंस?

 तिच्या आवाजात राग नव्हता.

“इंग्रजीत विचारलेलं चालत न्हाई ना बाई,” ती म्हणाली.

मला तिला सांगावंसं वाटलं की चालतं, आता चालतं, मी शिकवते बरोबर. पण ते तिच्या काय उपयोगाचं होतं? मी म्हटलं, मराठीही चांगला विषय आहे. ती हो म्हणाली. आत्या वाट बघत असेल, असं सांगून ती पुलाकडं गेली. मी बाकावर बसून राहिले. बदनापूरची गाडी त्या दिवशी लेट होती.